कायमच्या अंधारात उत्क्रांत झालेली माणसं: डोळे जातील की मोठे होतील?

रातवा

नमस्कार मंडळी. एक मोठी विज्ञानकथा लिहायला घेतलीये, त्यात अडकलोय म्हणून हा धागा. कथा अशी की माणसांची एक वसाहत अशा ग्रहावर अडकते जिथे ते राहतात त्या भागात कधीच उजाडत नाही, परतीचा मार्ग बंद होतो, यंत्रं हळूहळू बंद पडतात आणि मग कित्येक लाख वर्षांनी त्यांचे वंशज तिथे राहतायत, आपण कुठून आलो हे त्यांना माहीत नाही. मला ही माणसं राक्षस किंवा भुतं करायची नाहीयेत, ती माणसंच हवीत, त्यांना प्रेम, भांडणं, गाणी, सगळं असलं पाहिजे, फक्त शरीर आणि जगणं त्या अंधाराला धरून बदललेलं असलं पाहिजे.

पहिल्या खर्ड्यात मी त्यांना पांढरीफटक कातडी दिली आणि डोळे पूर्ण काढून टाकले. वाचून एकाने सांगितलं की उलट डोळे प्रचंड मोठे होतील, घुबडासारखे, आणि मांजरासारखे चमकतील. दुसऱ्याने विचारलं की खातील काय. आता डोक्यात गोंधळ झालाय. तर डोळ्यांचं नक्की काय होईल, अन्न कुठून येईल, दिवस-रात्र नसताना वेळ कशी कळेल आणि लाखभर वर्षं पुरतात का एवढ्या बदलाला? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

गुहामित्र

विषय फार आवडीचा आहे त्यामुळे लांब लिहितोय.

तुमचे दोन्ही वाचक बरोबर आहेत, कारण प्रश्न "अंधार आहे का" हा नाहीच, प्रश्न आहे "थोडासा तरी उजेड आहे का". निसर्गात दोन्ही उदाहरणं आहेत आणि दोघांमधला फरक तेवढाच आहे. मेक्सिकोतल्या गुहांमध्ये राहणारा अस्टियानॅक्स नावाचा मासा घ्या. याच जातीचे मासे बाहेर नदीत डोळस आहेत आणि गुहेत आंधळे, रंगहीन आहेत. गंमत म्हणजे गुहेतल्या माशाच्या गर्भात डोळा तयार व्हायला सुरुवात होते, मग भिंगाच्या पेशी मरतात आणि डोळा आत बुजून जातो. आणि हे नुसतं "वापर नाही म्हणून गेला" असं नाहीये, डोळा आणि मेंदूतला बघण्याचा भाग चालवायला ऊर्जा लागते, २०१५ च्या एका अभ्यासात असं आलं की याच जातीच्या लहान माशात निवांत असतानाच्या एकूण ऊर्जाखर्चापैकी साधारण १५ टक्के खर्च नजरेवर होतो आणि मोठ्या माशात ५ टक्के. जिथे खायला कमी तिथे हा खर्च परवडत नाही.

आता खोल समुद्र बघा. १००० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश पोचत नाही, तरी तिथे महाकाय स्क्विड या समुद्री प्राण्याचा डोळा जवळजवळ २७ सेंटिमीटर व्यासाचा असतो! कारण तिथे प्राणी स्वतः प्रकाश तयार करतात. काळोखात एखादी ठिणगी दिसली तर ते जेवण असतं किंवा मरण असतं, आणि दोन्ही ओळखायला डोळा लागतोच. म्हणजे अंधार पूर्ण असेल तर डोळा जातो आणि अंधारात अधूनमधून महत्त्वाचा उजेड असेल तर डोळा वाढतो.

चमकणाऱ्या डोळ्यांचं मात्र काढून टाका. मांजराच्या डोळ्यामागे परावर्तक थर असतो, तो आपल्या शाखेतल्या माकडांमध्ये आणि माणसात नाहीये, पूर्वजांमध्येच गेला. टार्सियर हा आपल्याच शाखेतला छोटा प्राणी नंतर परत निशाचर झाला, त्याला तो थर परत मिळाला नाही, त्याऐवजी त्याचे डोळे इतके मोठे झाले की एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा आहे. तुमच्या माणसांचंही असंच होईल, मोठी बाहुली, मोठी बुब्बुळं, रंग ओळखणं कमी कमी होत जाणं (निशाचर आउल मंकीची रंगदृष्टी अशीच गेलीये), पण चमक नाही.

दुसरा_सूर्य

गुहामित्रांचा प्रतिसाद मस्त. पण माझ्या मते डोळ्यांचा विचार सगळ्यात शेवटी करायला हवा. आधी ऊर्जा कुठून येते ते ठरवा, कारण अंधार माणसाला मारत नाही, उपासमार मारते, आणि त्याही आधी ऑक्सिजन.

समजा तुमचा ग्रह कुठल्याच ताऱ्याभोवती फिरत नाही, अंतराळात एकटा भटकतोय. असे ग्रह खरोखर आहेत, आणि डेव्हिड स्टिव्हन्सन या शास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडलं होतं की अशा ग्रहावर हायड्रोजनचं खूप जाड वातावरण असेल तर आतली उष्णता अडकून पृष्ठभागावर द्रवरूप पाणीही राहू शकेल. पण पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला ०.०९ वॅटच्या आसपास आहे आणि पृथ्वी सूर्याकडून सरासरी शोषते ते २४० वॅटच्या आसपास. म्हणजे अडीच हजार पटींहून जास्त फरक! एवढ्याशा ऊर्जेवर जिवाणू जगतील, शिकार करणारी, मोठा मेंदू बाळगणारी माणसं नाही. आपला मेंदू एकटाच शरीराची विश्रांतीतली जवळजवळ २० टक्के ऊर्जा खातो.

इथे लोक लगेच समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांचं उदाहरण देतात, १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सापडलेले, जिथे सूर्याशिवाय जीवसृष्टी आहे. हे अर्धंच खरं आहे. तिथले ते मोठे नळीसारखे किडे आणि त्यांच्या पोटातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड जाळतात ते ऑक्सिजन वापरून, आणि तो ऑक्सिजन वर उजेडात वनस्पतींनी तयार केलेला असतो. रोमानियातली मोव्हिले गुहा, १९८६ मध्ये सापडली, लाखो वर्षं बंद होती, तिथेही अंधारात पूर्ण अन्नसाखळी आहे, पण त्यातले बरेच जीव जगतात ते वातावरणातून झिरपलेल्या थोड्या ऑक्सिजनवर. सूर्याशी खरोखर संबंध तोडलेलं उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल सापडलेला एक जिवाणू, खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्सारामुळे पाणी फुटतं त्यावर तो जगतो. पण तो जिवाणू आहे, माणूस नाही.

म्हणून माझा सल्ला असा की पूर्ण ग्रह अंधारात ठेवू नका, फक्त तुमची माणसं अंधारात ठेवा. लाल बटू (लहान, मंद) ताऱ्याजवळचा ग्रह घ्या ज्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. २०१६ मध्ये सापडलेला प्रॉक्सिमा बी किंवा ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याचे सात ग्रह बहुधा असेच आहेत. उजेडाच्या बाजूला प्रकाशसंश्लेषण चालतं, तिथला ऑक्सिजन हवेने सगळीकडे पसरतो, समुद्राचे प्रवाह बर्फाखालून प्लवक आणि मासे अंधाराच्या बाजूला आणतात, आणि तुमची माणसं तिथे मासेमारीवर जगतात. पूर्वी वाटायचं की रात्रीच्या बाजूला हवाच गोठून खाली पडेल, पण १९९७ मधल्या हवामानाच्या मॉडेलनी दाखवलं की साधारण ०.१ बार (पृथ्वीवरच्या हवेच्या दाबाच्या दहाव्या भागाएवढं) कार्बन डायऑक्साइडचं वातावरणही पुरेशी उष्णता तिकडे नेऊन ते टाळू शकतं.

आणि एक भारी गोष्ट, वारा. असा ग्रह सावकाश फिरत असेल तर हवा उजेडाच्या बाजूला तापून वर जाते, वरून अंधाराकडे येते, तिथे खाली बसते आणि जमिनीलगत परत उजेडाकडे वाहते. म्हणजे तुमच्या माणसांच्या जगात जमिनीवरचा वारा साधारण कायम एकाच दिशेला असेल. त्यांना होकायंत्र लागणारच नाही, गालावर वारा कुठून लागतोय त्यावरून दिशा कळेल!

रातवा

वाऱ्याचं वाचून अंगावर काटा आला, हे शंभर टक्के घेणार. मग एकच बाजू उजेडात असलेला ग्रह नक्की केला. पण दुसरा_सूर्य, रात्रीच्या बाजूला तारे दिसतील ना? मग तो पूर्ण अंधार कसा? आणि मासे आहेत तर चरबी आहे, चरबी आहे तर दिवे आहेत, मग डोळे जाणारच नाहीत, बरोबर का?

दुसरा_सूर्य

बरोबर पकडलंत. हवा खाली बसते तिथे आकाश मोकळं असायची शक्यता जास्त, म्हणजे तारे दिसणार, आणि ताऱ्यांच्या उजेडात आपलाही डोळा अंधाराला सरावला की आकार ओळखतो. वर चरबीचे दिवे. त्यामुळे उघड्यावर राहणाऱ्यांचे डोळे मोठे होतील, जाणार नाहीत. डोळे घालवायचे असतील तर त्यांना गुहेत घाला, जमिनीच्या उबेजवळ, जिथे धुरामुळे आग पेटवता येत नाही. बंद गुहेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, दिवा लावणारी कुटुंबं झोपेत मरतात, दोन-चार पिढ्यांत आगीला विटाळ मानला जातो. शिवाय उपासमारीत चरबी जाळणार कोण, खाऊन टाकतील.

पाऊलवाट

मी जन्मापासून बघू शकत नाही, हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतेय आणि मला रातवा यांच्याशी थोडं बोलायचंय.

तुम्ही लोक लाखो वर्षांत डोळ्यांचं काय होईल त्यावर बोलताय, ते छानच आहे, पण बिनउजेडाचं जगणं शिकायला लाख वर्षं लागत नाहीत, एक पिढी पुरते. तिथे जन्मलेलं पहिलंच मूल वेगळं असेल, जीन न बदलता. जन्मांध माणसाच्या मेंदूत बघण्यासाठीचा जो भाग असतो तो रिकामा पडून राहत नाही, ब्रेल वाचताना बोटांसाठी तोच भाग कामाला लागतो हे १९९० च्या दशकातच दिसलंय. जिभेने टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून समोरची वस्तू ओळखणारे लोक आहेत, डॅनियल किश हे त्यातलं प्रसिद्ध नाव, आणि २०११ मध्ये अशा लोकांच्या मेंदूचे स्कॅन काढले तेव्हा प्रतिध्वनी ऐकताना दृष्टीचाच भाग जागा झालेला दिसला. २०२१ च्या अभ्यासात तर डोळस लोकही १० आठवड्यांच्या सरावाने हे बऱ्यापैकी शिकले. मीही करते. दार उघडं आहे की बंद, भिंत किती जवळ आहे, समोर खांब आहे की झुडूप हे मला कळतं, आणि त्यात काही अतींद्रिय वगैरे नाही, सराव आहे.

म्हणून तुमच्या कथेत ही माणसं "अंधारात चाचपडत" फिरतायत असं लिहू नका ना. त्यांच्यासाठी अंधार असं काही नाहीचे, त्यांना काही कमी पडत नाहीये. त्यांची भीती वेगळी असेल. मला सांगायचं तर मला जोराचा वारा आवडत नाही कारण तो कानात भरला की बारीक आवाज सगळे पुसले जातात, आणि ताजा बर्फ पडला की तर विचारूच नका, पायाखालचा फरक कळत नाही, प्रतिध्वनी मऊ होऊन जातो, ओळखीची वाट अनोळखी होते. याउलट पाऊस मला फार आवडतो, कारण प्रत्येक वस्तूवर तो वेगळा वाजतो आणि एरवी गप्प असलेल्या वस्तू पण कुठे आहेत ते कळतं. तुमच्या ग्रहावर कायम वारा आहे म्हणता, मग तुमची माणसं बोलण्याच्या, टकटक करण्याच्या जागा वाऱ्याच्या आडोशाला करतील, उंबरठ्यांवर वेगवेगळे दगड बसवतील म्हणजे पायाला कळेल कुणाचं घर, आणि मुसळधार पाण्याच्या धबधब्याजवळ कुणी घर बांधणार नाही. तुमची घरं, गावं, शिष्टाचार असे आतून येऊ द्या. गुपचूप मागून येऊन उभं राहणं हा त्यांच्याकडे मोठा अपमान असेल, कारण येताना आवाज करणं हेच त्यांचं नमस्कार करणं.

आणि सुंदर म्हणजे काय हेही लिहा. आवाजाचा पोत, हाताची कातडी, केसांचा वास, चालण्याची लय. माणूस प्रेमात पडायला चेहरा लागत नाही.

रातवा

पाऊलवाट ताई, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. उंबरठ्याचे दगड आणि मागून येण्याचा अपमान, हे दोन्ही तुमची परवानगी असेल तर कथेत घेतो. आणि "चाचपडत" हा शब्द कथेत जिथे जिथे आहे तिथून काढतोय.

पाऊलवाट

जरूर घ्या, आनंदच आहे. फक्त लिहून झालं की टेक्स्टमध्ये टाका, फोटो काढून टाकू नका, मला वाचायचीये.

सहावा_प्रहर

वेळेचा प्रश्न राहिला, तो घेतो. माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित मोठं आहे, १९९९ च्या एका मोजणीत २४ तास ११ मिनिटं आलं. रोजचा उजेड ते घड्याळ मागे ओढून जुळवत असतो. उजेड नसला की ते रोज थोडं थोडं सरकतं, आणि पूर्ण अंधत्व असलेल्या बऱ्याच लोकांना हा त्रास खरोखर होतो, काही आठवडे रात्री झोप, मग काही आठवडे दिवसा. मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच माणूस १९६२ मध्ये घड्याळ न घेता दोन महिने गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशोबाने २० ऑगस्ट होता! १२० सेकंद मोजायला सांगितले तर त्याला जवळजवळ ५ मिनिटं लागायची. म्हणजे वसाहतीच्या पहिल्या पिढ्यांमध्ये प्रत्येकाचा दिवस वेगळा असेल, एकाच घरात कुणी झोपलेला, कुणी जेवतोय, आणि त्यावरून भांडणं होतील. समाज टिकवायचा तर त्यांना सामायिक वेळ बनवावी लागेल, घंटा, ठरलेलं गाणं, पाण्याचं घड्याळ. माझ्या मते घंटा वाजवणारा माणूस हाच त्यांचा पहिला राजा किंवा पुजारी असणार.

पुढे लाखो वर्षांनी काय? गुहेतल्या त्याच माशांमध्ये शरीराच्या ऊर्जावापराची रोजची लय गेलीये, आणि २०१४ मध्ये मोजल्यावर दिसलं की ती नसल्यामुळे त्यांची जवळपास २७ टक्के ऊर्जा वाचते. कदाचित तुमची माणसं दिवस नावाची गोष्टच सोडून देतील, भूक लागली की खाणं, दमलं की झोपणं.

कातडीचं थोडक्यात. उजेड नाही म्हणजे अतिनील किरण नाहीत, म्हणजे मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) सांभाळायचं कारण नाही, त्यामुळे रंग जाईल, पण तो "फिकट व्हायला हवं म्हणून" जात नाही, बिघडलेला जीन कुणाला मारत नाही म्हणून पसरतो. ड जीवनसत्त्व कातडीत तयार होणार नाही, ते माशांच्या यकृतातून मिळेल, आणि ज्या टोळीला मासे मिळत नाहीत तिथली मुलं मुडदूस होऊन वाकड्या पायांची होतील. शरीर लहान होईल असंही वाटतं, एका बेटावर राहणारी होमो फ्लोरेसिएन्सिस ही नामशेष मानवजात साधारण एक मीटर उंचीची होतीच.

गुहामित्र

लाख वर्षं पुरतात का, यावर माझं मत थोडं कडक आहे. माणसाची पिढी २५ वर्षांची धरली तर १ लाख वर्षांत ४००० पिढ्या. माशांच्या पिढ्या कितीतरी लवकर होतात. रंग ४००० पिढ्यांत सहज जाईल, एखाद्या लहान वसाहतीत तर नशिबाच्या खेळानेही जाईल, कारण सुरुवातीची माणसं मोजकी असतात. डोळा पूर्ण बुजायला मी निदान ५ ते १० लाख वर्षं देईन. मधल्या काळात डोळे असतील पण लहान, खोल गेलेले, धुरकट, आणि काही मुलं उजेड जाणणारी, काही न जाणणारी अशी जन्माला येतील. हा मधला काळ कथेला जास्त चांगला आहे असं मला वाटतं.

आणि डोळा बुजला तरी त्याचं काम संपेलच असं नाही. स्पॅलॅक्स नावाचा आंधळा उंदरासारखा प्राणी जमिनीखाली राहतो, त्याचे डोळे कातडीखाली झाकलेले आहेत, एक मिलिमीटरहून लहान, चित्र दिसत नाही, तरी ते डोळे उजेड ओळखून शरीराचं घड्याळ लावतात. तो डोकं बोगद्याच्या छताला आपटून दूरच्या शेजाऱ्यांना जमिनीतून संदेशही पाठवतो. तुमच्या गुहेतल्या लोकांना हे द्याच, दगडावर ठोकलेला निरोप वाऱ्यात हरवत नाही.

रातवा

अशक्य भारी माहिती मिळाली. आता आराखडा असा झालाय: एकाच वसाहतीचे दोन वंश, वर ताऱ्यांच्या उजेडात मासेमारी करणारे मोठ्या डोळ्यांचे लोक आणि खाली गुहांमध्ये डोळे नसलेले. दोघं एकमेकांना माणूस मानत नाहीत. शेवटाकडे एक मूल जन्माला येतं जे दोन्हीकडचं आहे. हे शक्य आहे का, की एवढ्या काळाने दोन वेगळ्या जाती होतील?

गुहामित्र

शक्य आहे. नदीतले डोळस आणि गुहेतले आंधळे अस्टियानॅक्स आजही एकमेकांशी प्रजनन करू शकतात. पण मी तुम्हाला याहून मोठी गोष्ट सांगतो. वेगवेगळ्या गुहांमधले मासे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळे जीन बिघडून आंधळे झालेत. २००८ मध्ये दोन वेगळ्या गुहांमधल्या आंधळ्या माशांचा संकर केला तेव्हा त्यांच्या काही पिल्लांना दिसत होतं! आई आंधळी, बाप आंधळा, दोन्हीकडच्या कित्येक पिढ्या आंधळ्या, आणि पिल्लू डोळस. कारण आईकडे जो जीन मोडलेला होता तो बापाकडे शाबूत होता आणि बापाचा मोडलेला आईकडे शाबूत.

त्यामुळे ते मूल वरच्या आणि खालच्या वंशाचं नको, ते दोन गुहांचं करा. त्यासाठी दोन गुहा सुरुवातीपासून तुटलेल्या दाखवाव्या लागतील, मध्ये बर्फाची नदी किंवा कोसळलेला बोगदा काहीतरी, म्हणजे दोन्हीकडे वेगळे जीन मोडायला वेळ मिळेल. आणि फार उशीर करू नका, पाच-सहा लाख वर्षांच्या आसपासच ठेवा, कारण जितका काळ जाईल तितके जास्त जीन दोन्हीकडे एकदम मोडलेले असतील आणि मग कुणाच्याच पोटी डोळस मूल येणार नाही. मूल जन्मल्यावर त्याच्याजवळ थोडा तरी उजेड कुठून येणार हेही आत्ताच ठरवून ठेवा, कारण लहानपणी डोळ्यांना उजेड मिळालाच नाही तर मेंदू बघायला शिकत नाही.